आधी झाकण उघडा

नमस्कार मंडळी. बोर्डावर विषय लिहिलाय ‘स्कूटरचा पेट्रोल पुरवठा, दोष व उपाय’, तो वाचून निम्मी मंडळी दारातूनच परत गेली असणार, तेव्हा जे बसलेत त्यांच्याकडे अजून चेतक आहे असं धरतो. हात वर करा बरं. सात. आणि सकाळी तिरकी केल्याशिवाय जिची चालू होत नाही असे? तेच सात. छान.

दोष-उपाय सांगतोच, पण आधी एक किस्सा. आमच्या सौ. म्हणतात, हा मी लग्नात उखाण्याच्या जागीही सांगितला असता.

नव्वदच्या आसपासचा पावसाळा. पुण्याहून कराडला निघालो, मी, सौ., मध्ये पिशव्या. निघताना टाकी फुल्ल केली आणि तिथूनच बिनसलं. पंपापासून अर्ध्या किलोमीटरवर गाडी भुक भुक करून बंद. सीट उचलून झाकण उघडलं, पेट्रोल काठोकाठ. झाकण लावलं, किक मारली, चालू! म्हणलं कचरा असेल, गेला. पुढं परत तेच. कात्रजला एका मेकॅनिकनं प्लग बदलला, कार्बोरेटर उघडून धुतला, शेवटी टाकी उघडून ‘साहेब पेट्रोल तर आहे’ म्हणाला, झाकण लावलं आणि गाडी एका किकला सुरू. पैसे दिले, वर चहा पाजला. एक किलोमीटरवर बंद. शिरवळला दुसरा, त्यानं पॉइंट घासले, पेट्रोलच्या कॉकवर दोन टोले मारले, तोही टाकीत डोकावला, गाडी सुरू, पैसे दिले. चेतक हे नाव राणा प्रतापाच्या घोड्याचं. तो घोडा म्हणे १५७६ च्या हळदीघाटात जखमी पायानं नाला ओलांडून गेला, आमचा खंबाटकीच्या पायथ्यालाच बसला.

तिथं एका ट्रकचा क्लीनर पोरगा टायर ठोकून बघत होता. मी परत झाकण उघडलं तर तो म्हणाला, ‘काका, फुस्स झालं की.’ काय फुस्स? ‘झाकण काढताना हवा आत गेली.’ झाकण उलटं केलं. वायसरच्या वर दुधाच्या पिशवीचा गोल तुकडा, कात्रीनं इतका सुबक कापलेला की कंपनीतूनच आलाय असं वाटावं. झाकणाला बारीक भोक असतं, पेट्रोल उतरेल तशी त्यातून हवा आत यायला लागते, नाही तर टाकीतला दाब पडतो. ते भोकच त्यानं बंद. काम आमच्या अण्णांचं. वायसर चपटा होऊन पेट्रोल झिरपायचं, नवा मी आणत नव्हतो, त्यांनी परस्पर बंदोबस्त केला. घरी आल्यावर सांगितलं तर म्हणाले, ‘पिशवी काढलीस? मग आता पेट्रोल सांडेल की!’

म्हणजे बघा, दोन्ही मेकॅनिकांनी दुरुस्ती केलीच, फक्त पैसे प्लगचे न् पॉइंटचे घेतले, गाडी चालू झाली ती झाकण उघडल्यानं.

आता हिशोब, हा माझा लाडका आहे. चेतकला पंप नाही, पेट्रोल वजनानंच उतरतं. हवेचा दाब पाणी दहा मीटर उचलून धरतो, पेट्रोल हलकं म्हणून तेरा-चौदा मीटर. टाकी ते कार्बोरेटर उंची फूटभर धरा, म्हणजे टाकीतला दाब नुसता दोन टक्के पडला की पेट्रोल अडलं. टाकीत तीन लिटर हवा असेल तर दोन टक्के म्हणजे साठ मिली, चाळीसचं ॲव्हरेज धरून जवळजवळ अडीच किलोमीटर. फुल्ल टाकीत हवा अर्धाच लिटर, तिचे दहा मिली, चारशे मीटर! कार्बोरेटरच्या वाटीतल्या पेट्रोलवर अजून थोडी जाते, तेवढंच. म्हणून टाकी भरल्यावर लवकर बंद पडत असेल तर संशय झाकणाच्या भोकावर घ्या.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. अहो मुख्य विषय राहिलाय! बरं, भराभर. इंजिन गार, आसपास विडी-सिगरेट नाही. झाकण ढिलं करून चालवा, नीट चालली तर भोक पिननं साफ करा. नाही तर कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत धरा, कॉक उघडा. सलग धार आली पाहिजे. ठिबकत असेल तर कॉकची जाळी गच्च झालीय. टाकीत भरपूर असूनही रिझर्व्हला येतं आणि मेनला येत नाही, तर मेनची नळी तुंबलीय. धार चांगली पण इंजिन उपाशी, तर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल सोडणारी फ्लोटची सुई अडकली किंवा जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात, कचरा. जेट हवेनं फुंकायचा, तार घालायची नाही, भोक मोठं झालं की ॲव्हरेज गेलं.

जुन्या ॲक्टिव्हासारख्या कार्बोरेटरवाल्या गिअरलेसला व्हॅक्युमचा, म्हणजे इंजिनाच्या ओढीनं उघडणारा कॉक असतो, तिथं इंजिन बंद असताना नळीतून थेंब येत नाही, घाबरू नका. ती ओढ आणणारी बारीक नळी तडकली की पेट्रोल नाही, आतला पडदा फाटला की त्याच नळीतून पेट्रोल थेट इंजिनात, मग धूर. २०२० च्या बीएस सिक्स प्रदूषण नियमापासून इंजेक्शन आणि पंप, त्या गाड्या गॅरेजला न्या, मी हात लावत नाही.

सुई कशी बसवायची ते राहिलं. असू दे. ते सात जण चहाआधी खाली या, झाकणं बघू, पिन मी आणलीय.