पाणी आलं, सूचना आली नाही

(काळोख. नळाचा आवाज.)

पहाटेचे सव्वातीन. सोलापूर, अशोक चौकामागची एक गल्ली. नळ आधी नुसता फुसफुसतो. मग कळशीभर गढूळ पाणी, मग नितळ. कुठंतरी मोटार सुरू होते आणि अर्धी गल्ली तिच्या आवाजानंच जागी होते.

उजनीत पाणी असलं तरी नळाला ते रोज येत नाही. चार-पाच दिवसांआडच्या पाण्याची या शहराला वर्षानुवर्षं सवय. आणि वेळ? ती चावीवाल्याला ठाऊक. म्हणून गल्लीतल्या एका इंजिनिअर पोरानं ॲप लिहिलं. ज्याच्याकडे आधी नळ वाजेल त्यानं बटण दाबायचं. बाकीच्यांच्या फोनवर सूचना: 'पाणी आलंय'.

पहिल्या रात्री पोराचा फोन वाजला. शेजारच्या अक्कांचा वाजला साडेसहाला, त्यांनी हातात घेतल्यावर.

"नळ कधीच गेला की रे. आता हे काय घागरीत भरू?"

सूचना वेळेवरच निघाली होती, झोपला होता फोन. 2015 च्या अँड्रॉइड 6 पासून फोनला 'डोझ' नावाची डुलकी लागते. चार्जरला नाही, स्क्रीन बंद, बराच वेळ हललेला नाही, असा फोन बॅटरी वाचवायला ॲपचं नेट तोडतो आणि अधूनमधून डोळा किलकिला करतो. साधी सूचना तोवर ताटकळते. सोलापुरात पाणी यायची आणि फोन गाढ झोपायची वेळ नेमकी एकच!

उपाय एका ओळीचा निघाला. फायरबेस या गूगलच्या सूचना पोचवणाऱ्या सेवेतून सूचना पाठवताना प्राधान्य 'हाय' लिहायचं, की झोपलेला फोनही उठतो. मात्र माणसाला काही न दाखवताच ते वापरत राहिलं, तर गूगल तुमचं प्राधान्य खाली उतरवतं.

मला विचाराल तर खरी गोम पुढं होती. अक्कांचा नेटपॅक संपला. तीन दिवसांनी नातवानं रिचार्ज मारला आणि फोन वाजला: 'पाणी आलंय'. अक्का कळशी घेऊन धावल्या. नळ कोरडा. फोन नेटवर नसला की संदेश सर्व्हरवर थांबतो. मुदत सांगितली नसेल तर 4 आठवडे. आता कोडमध्ये मुदत लिहिलीय: 2700 सेकंद, म्हणजे पाऊण तास. तेवढ्यात पोचला तर ठीक, नाहीतर वाटेतच विरावा.

गणपतीच्या वर्गणीची आठवणही याच ॲपवर यायची. वैतागून काहींनी आवाज बंद केला, त्यात पाणीही मुकं झालं. अँड्रॉइड 8 पासून सूचनांना वेगवेगळे चॅनेल, म्हणजे आवाज वेगवेगळा चालू-बंद करता येणारे कप्पे, देता येतात, पण माणसानं एकदा गप्प केलेला चॅनेल ॲपला परत बोलता करता येत नाही. मग पाण्याला नवा चॅनेल, वर्गणीला वेगळा. वर्गणीचा बहुतेकांनी लगेच बंद केला, ते सोडा.

(पुन्हा रात्र.)

उशाशी फोन वाजतो. अक्का तो न बघताच पालथा घालतात, पदर खोचतात आणि कळशी नळाखाली सरकवतात. नळ अजून फुसफुसतोय.