धक्का रिकामा दिसतो तेव्हा

(पहाट. न्हावा शेवा. समोर घारापुरीचं बेट अजून काळंच.)

जहाज धक्क्याला लागताना सगळ्यात आधी खाली येतो तो एक बारीक दोर. खलाशी तो फेकतो, धक्क्यावरची माणसं तो भराभर ओढून घेतात, आणि त्याच्या टोकाला बांधलेला मनगटाहून जाड दोरखंड पाण्यातून निथळत वर येतो. त्याचा फास बोलार्डवर, म्हणजे धक्क्यावरच्या लोखंडी खुंटावर चढतो. हा फास नेमका कुठल्या बोलार्डवर चढणार, हे जहाज क्षितिजावर दिसायच्या आधीच ठरलेलं असतं.

(पडदा. रंगीत आयतांनी भरलेला तक्ता.)

हा बर्थिंग प्लॅन: कुठलं जहाज धक्क्यावर कुठे आणि कधी लागणार, त्याचा आराखडा. आडव्या रेषेवर धक्क्याचे मीटर, उभ्या रेषेवर तास. प्रत्येक जहाज म्हणजे एक आयत. जहाज लांब असेल तर आयत रुंद; कंटेनर जास्त असतील तर उंच. एक आयत दुसऱ्यावर चढला की दोन जहाजं एकाच वेळी एकाच जागी आली, म्हणजे एकाला बाहेर नांगर टाकून थांबायचं.

कागदावर हे सोपं वाटतं. समजा, धक्क्यावर एका वेळी एकच जहाज मावतं, एका जहाजाला सरासरी २० तास लागतात आणि सरासरी दर २५ तासांनी एक जहाज येतं. धक्का ८० टक्के वेळ कामात, उरलेला वेळ मोकळा. मग थांबायचं कशाला?

कारण समुद्र सरासरीने चालत नाही. आधीच्या बंदरात एखादं जहाज अडकतं, पावसात काम मंदावतं, क्रेन बंद पडते. जहाजांचं येणं आणि त्यांना लागणारा वेळ दोन्ही पूर्ण बेभरवशाचे धरले, तर याच धक्क्यासाठी सरासरी थांबणं निघतं ८० तास! तीन दिवसांहून जास्त. धक्का निम्मा वेळच कामात ठेवला, तर २० तास. आणि ९० टक्के भरला, तर १८०.

म्हणून रिकामा धक्का पाहून कुणी ‘पैसा वाया जातोय’ म्हणालं की मला राहवत नाही. त्या मोकळ्या तासांच्या जिवावरच उशिरा आलेलं जहाज सामावून जातं.

रांगेचं हे गणित बंदरात जन्मलं नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांनी १९०९ मध्ये फोन कॉलसाठी त्याचा पाया घातला. पण फोनला भरती-ओहोटी नसते. शिवाय कंटेनर जहाजं वेळापत्रकाने येतात, त्यामुळे प्रत्यक्षातलं थांबणं सूत्रापेक्षा बरंच कमी असतं. किती कमी, ते सूत्र सांगत नाही. तिथे सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर चालवून पाहिलेलं बंदर लागतं.

(लाटा. किनाऱ्याला कोळ्यांच्या होड्या.)

आमच्या किनाऱ्यावर जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पण ती भांगाची, पाणी कमी चढतं. पुनवेच्या उधाणाला भरपूर चढतं. जहाजांची वाहिनी खोल केलेली असली, तरी जड भरलेल्या जहाजाला हे चढलेलं पाणी लागतंच. ती वेळ हुकली की पुढच्या भरतीची वाट बघायची.

संगणकात हे सगळं घालतात. भरतीचं कोष्टक, जहाजाला वाट दाखवत आत आणणारे पायलट, त्याला ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या टग बोटी, क्रेन, जहाजांचा उशीर. मग सारीपाटासारखे फासे टाकत अख्खं वर्ष काही मिनिटांत चालवायचं. पुन्हा वेगळे फासे, पुन्हा वर्ष. शेकडो वर्षं जगून झाल्यावर दिसतं, की नव्या क्रेनने थांबणं घटतं की आणखी एका टगने. तेही काँक्रीट ओतायच्या आधी.

यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती लांबीची गोष्ट. इथल्या भारत मुंबई कंटेनर टर्मिनलचा धक्का २०१८ मध्ये १००० मीटरचा होता. २०२५ मध्ये तो २००० मीटर झाला. समजा, ३६६ मीटरच्या जहाजाला दोरांसकट ४०० मीटर लागतात. हजार मीटरवर अशी दोन मावतात, २०० मीटर उरतात. हजार मीटरचे दोन सुटे धक्के बांधले, तर चार. सलग २००० मीटरवर? पाच. रांगेचंही तसंच. मघाच्या उदाहरणातले दोन धक्के आणि दुप्पट जहाजं घ्या. दोन वेगळ्या रांगा असतील तर थांबणं ८० तास. रांग एकच ठेवून जो धक्का सुटेल तो द्यायचा, तर सुमारे ३६.

(पुन्हा तो पडदा. एक आयत हळूच वर सरकतो.)

अरबी समुद्रातल्या एका जहाजाची जागा सहा तास उशिरा मोकळी होणार, असं आता दिसतंय. कप्तानाला निरोप जातो: सावकाश या. वेग दहा टक्के उतरवला, तर इंजिनाची लागणारी ताकद पाव हिश्श्याहून जास्त उतरते. प्रवास थोडा लांबला, तरी तेल वाचतं. जहाज नांगर न टाकता थेट भरतीवर आत येतं.

धक्क्यावर माणसं तयार आहेत. वरून बारीक दोर सुटतो.