ए.जी. साहेब नेमके कोणाचे वकील?

नमस्कार मंडळी. आज कोर्टाचा विषय घेतलाय, पण लगेच रेडिओ बंद करू नका, कुणाची पेशी लागलेली नाही.

२०१६ चा मार्च आठवतोय का? दुष्काळानं आपल्या मराठवाड्याचं पार कंबरडं मोडलेलं, पुढच्याच महिन्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, इतकी वाईट अवस्था. त्या मार्चमध्ये जालन्यात एक कार्यक्रम झाला आणि तिथं राज्याचे तेव्हाचे महाधिवक्ता, म्हणजे अॅडव्होकेट जनरल, ए.जी., श्रीहरी अणे बोलले, की मराठवाड्यावर अन्याय झालाय आणि मराठवाडा सुद्धा वेगळा व्हायला पाहिजे. झालं! मुंबईत अधिवेशन चालू होतं, विरोधक ओरडतायत, सत्तेतली शिवसेना पण ओरडतीय, काढा यांना, आणि दोन दिवसांत अण्यांनी राज्यपालांकडं राजीनामा दिला सुद्धा. लोकनायक बापूजी अणे यांचे हे नातू, वेगळ्या विदर्भाचे उघड समर्थक, त्यावरून आधी एकदा गदारोळ झालेलाच होता.

आता हा माणूस मंत्री नाही, आमदार नाही, कलेक्टर नाही. मग त्याच्या एका भाषणानं विधिमंडळ का हललं? त्याला जीभ आवरायला का सांगतात? तर ती खुर्चीच तशी आहे बघा.

आपल्या राज्यघटनेत १६५ नंबरचं कलम आहे. राज्यपालांनी महाधिवक्ता नेमायचा, आणि नेमायचा तो असा की जो हायकोर्टाचा न्यायाधीश व्हायला लायक असेल, म्हणजे भारताचा नागरिक आणि किमान १० वर्षं हायकोर्टातली वकिली किंवा तितकीच न्यायिक पदावरची नोकरी. काम काय, तर सरकारला कायद्याचा सल्ला द्यायचा आणि राज्यपाल सोपवतील ती कायद्याची कामं करायची. मुदत ठरलेली नाही, पगाराचा आकडा घटनेत नाही, राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पद. आणि राज्यपालांची मर्जी म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाची मर्जी, हे काय मी तुम्हाला सांगायला पाहिजे असं नाही. म्हणून सरकार बदललं की महाधिवक्ता सहसा स्वतःहूनच राजीनामा देतात.

वयाची अट पण नाही बरं का. न्यायाधीश ६२ ला रिटायर होतो, महाधिवक्ता कितीही वर्षांचा चालतो. यावर १९५२ साली नागपूरच्या हायकोर्टात भांडण झालं होतं, तेव्हा नागपूर मध्य प्रदेशात होतं आणि न्यायाधीशांचं वय ६०. टी. एल. शेवडे यांना साठी उलटल्यावर महाधिवक्ता केलं म्हणून कुणीतरी कोर्टात गेलं, की न्यायाधीश व्हायचं वय संपलेला माणूस लायक कसा? कोर्ट म्हणालं, लायकी वेगळी आणि रिटायर व्हायचं वय वेगळं. ती याचिका फेटाळली, आणि आजही तेच चालतं.

अजून एक गंमत आहे. हा एकमेव वकील असा की जो विधानसभेत आणि विधान परिषदेत उभा राहून बोलू शकतो, कलम १७७ मध्ये लिहिलंय, फक्त मत देता येत नाही. निवडून यायची कटकट नाही, पण सभागृहात बोलायचा हक्क आहे. आणि कोर्टात वकिलांच्या रांगेत आधी बोलायचा मान कुणाला द्यायचा याची जी यादी कायद्यात आहे, त्यात पण त्याचं नाव आहे.

हे पद आलं कुठून, तर कंपनी सरकारच्या काळातून. मुंबईत, मद्रासला, कलकत्त्याला इंग्लंडच्या राजाची कोर्टं बसली, तिथं कंपनीची बाजू मांडायला अॅडव्होकेट जनरल ठेवले, आणि मग १९३५ च्या कायद्यानं प्रत्येक प्रांताला एक अॅडव्होकेट जनरल नेमायचं ठरलं, घटनेनं जवळपास तेच पुढं चालवलं. पण आपली गोष्ट तिकडची नाही. मुंबईला हायकोर्ट १८६२ मध्ये सुरू झालं तेव्हा आपण निजामाच्या राज्यात, आपलं अपील हैदराबादला, कोर्टातला कारभार उर्दूत. १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं, १९५० ला घटना आली, आणि तेव्हा हैदराबाद राज्यात राज्यपाल नव्हताच, राजप्रमुख होता. राजप्रमुख कोण, तर खुद्द निजाम! म्हणजे १९५६ पर्यंत आपल्याकडं घटनेप्रमाणं महाधिवक्ता नेमायचा अधिकार निजामाच्या नावानं होता. ज्यांच्या विरुद्ध आपल्या लोकांनी जिवाची बाजी लावली त्यांच्याच नावानं लोकशाहीतली नेमणूक, आता याला काय म्हणायचं तुम्हीच ठरवा. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो, तेव्हा मुंबईचे महाधिवक्ता आपलेही झाले.

बरोबर त्याच सुमाराला, १९५७ ला, त्या खुर्चीवर एच. एम. सीरवाई बसले आणि १९७४ पर्यंत तिथंच होते. १७ वर्षं! आताच्या काळात दोन-तीन वर्षं टिकला तरी पुष्कळ. पारशी माणूस, घटनेवरचा त्यांचा ग्रंथ अजून वकिलांच्या टेबलावर असतो. केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांसमोर ६८ दिवस सुनावणी चालली, त्यात सीरवाई केरळ सरकारकडून उभे होते, समोर नानी पालखीवाला. सीरवाई म्हणत होते की संसदेला घटना बदलायचा पूर्ण अधिकार आहे, कोर्टानं मधे पडू नये. २४ एप्रिल १९७३ ला निकाल लागला, ७ विरुद्ध ६, एका मतानं सीरवाईंची बाजू पडली आणि घटनेचा मूळ ढाचा कुणालाच मोडता येणार नाही हे ठरलं. मला खरं कौतुक पुढच्या गोष्टीचं वाटतं. आणीबाणी बघितल्यावर सीरवाईंनी आपलं मत बदललं आणि आपल्या ग्रंथात त्या निकालाचीच बाजू घेतली. ज्याच्या विरोधात महिनोन् महिने भांडला, तेच बरोबर होतं हे छापून सांगायचं, वकिलाला हे लई अवघड असतंय.

आणि मोतीलाल सेटलवाड. १९३७ ला मुंबईचे अॅडव्होकेट जनरल झाले, इंग्रज सरकारचे वकील, आणि १९४२ ला चले जाव चळवळीच्या वेळी त्यांनी पद सोडलं. १९५० ला देशाचे पहिले अॅटर्नी जनरल तेच झाले.

सेटलवाड आणि अणे या दोन राजीनाम्यांवरून या खुर्चीची ताकद कळते. महाधिवक्त्यानं दिलेला सल्ला सरकारवर बंधनकारक नसतो, सरकार म्हणू शकतं ठीक आहे साहेब, वाचलं, आणि फाइल कपाटात. मग त्याच्या हातात उरतं काय? खरं मत लेखी द्यायचं, आणि पटत नसेल तर उठून जायचं. तो मंत्र्याचा वकील नाही, पक्षाचा तर नाहीच नाही, राज्याचा आहे, आणि राज्यात सरकारवर केस करणारा भोकरदनचा शेतकरी पण येतो. अण्यांच्या बाबतीत मला विचाराल तर राजीनामा बरोबरच होता, कारण अखंड महाराष्ट्र सरकारचं धोरण आणि कोर्टात त्याची बाजू मांडणारा हाच माणूस, दोन्ही एकत्र कसं चालायचं. पण वाईट याचं वाटतं की भांडण सगळं माणसावर झालं, अनुशेष आणि पाणी हे बाजूलाच पडलं.

आता हे तुमच्या-माझ्या जवळ कसं येतं ते सांगतो. याच जालना रोडवर आपलं खंडपीठ आहे, म्हणजे मुंबई हायकोर्टाचं औरंगाबादचं, आताच्या छत्रपती संभाजीनगरचं. २७ ऑगस्ट १९८१ ला सुरू झालं, त्याआधी आपल्या माणसाला मुंबई गाठावी लागायची. सुरू झालं तरी सुखासुखी नाही, खंडपीठाचा आदेशच मुंबई हायकोर्टात रद्द ठरला, मग राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८२ मध्ये तिथं खंडपीठ टिकलं. तेव्हा सरकारी वकिलांची फौज आपल्या बाजूनं लढली होती, एरवी ती आपल्या समोर असती!

आता समोर असते म्हणजे कशी. महाधिवक्ता एकच असतो, सुप्रीम कोर्टानं २००४ मध्ये सांगितलंय की घटनेनुसार एका राज्याला एकच, बाकीचे अतिरिक्त वगैरे सरकार नेमू शकतं पण ते त्या कलमाखाली नाहीत. तो मुंबईत बसतो, मोठ्या मॅटरला इकडं येतो. रोजचं काम खंडपीठातले सरकारी वकील करतात, जी.पी. आणि त्यांच्या हाताखालचे ए.जी.पी. धरणात, कालव्यात, रस्त्यात जमीन गेली, मावेजा कमी मिळाला म्हणून कोर्टात गेला, कोर्टानं वाढवून दिला, की सरकार अपिलात हायकोर्टात. पुकारा होतो. ए.जी.पी. उभा राहतो, समोर फायलींचा ढीग, नेमकी ही फाइल कोरी, आणि वाक्य ठरलेलं असतं, इन्स्ट्रक्शन्स घेतो, दोन आठवडे द्या. कोर्टाबाहेर व्हरांड्यात नायब तहसीलदार किंवा अव्वल कारकून उभा असतो, पहाटेच्या एसटीनं आलेला, बगलेत लाल फडक्यात बांधलेलं दप्तर, पण त्यात पॅरावाइज रिमार्क्स नाहीत, म्हणजे याचिकेतल्या एकेका मुद्द्यावर खात्याचं म्हणणं काय ते लिहून आलेलंच नाही, कारण वरच्या साहेबांची सही राहिली. म्हातारा शेतकरी मागच्या बाकावर बसून बघत असतो, त्याला इंग्रजी कळत नाही पण पुढची तारीख पडली हे बरोबर कळतं. यात दरवेळी वकिलाचा दोष नसतो, खात्यानं कळवलंच नाही तर तो काय बोलणार? पण असली केस लढवायचीच कशाला, निकाल बरोबर आहे, पैसे देऊन टाका, हे सरकारला तोंडावर सांगणारं कुणीतरी पाहिजे, आणि ते सांगायचं काम मुळात त्याच मोठ्या खुर्चीचं आहे.

अजून दोन कामं पटकन सांगतो. कोर्टाची बदनामी केली म्हणून तुम्हाला कुणाविरुद्ध हायकोर्टात फौजदारी अवमानाची केस करायचीय, तर १९७१ च्या कायद्यात महाधिवक्त्याची लेखी संमती लागते, नाहीतर रोज उठून जो तो अवमान घेऊन आला असता. आणि सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध दावा तो स्वतः लावू शकतो. धर्मादाय संस्थांवर नजर ठेवायचं काम पण पूर्वी याच खुर्चीकडं असायचं, आपल्या राज्यात ते १९५० च्या कायद्यानं धर्मादाय आयुक्ताकडं गेलं, म्हणून देवस्थानाच्या ट्रस्टचं भांडण आता त्या ऑफिसात.

अमेरिकेत उलटं आहे. तिथं ५० पैकी ४३ राज्यांत हा अधिकारी लोक मत देऊन निवडतात. १९९४ ला मिसिसिपी राज्याच्या माइक मूर नावाच्या अशाच अधिकाऱ्यानं सिगारेट कंपन्यांवर दावा लावला, की लोक आजारी पडतात आणि दवाखान्याचा खर्च राज्य करतं, तो तुम्ही द्या. सगळे हसले, आणि १९९८ ला ४६ राज्यांनी कंपन्यांकडून मोठी तडजोड वसूल केली. म्हणून आपल्याकडं पण निवडणूक घ्या असं मी म्हणत नाही, निवडणुका काय कमी आहेत का! पण लोकांच्या वतीनं स्वतःहून दावा लावायची ती धमक इकडं दिसत नाही, बोगस बियाणं निघतं, शेतकरी एकेकटा ग्राहक आयोगात फिरतो आणि राज्याचा वकील सरकारचा बचाव करत बसतो.

शेवटी नेमणुकांचं बोलतो, कारण ऐकणाऱ्यांत नवीन वकील पोरं-पोरी पण असतील. सरकारी वकिलांचं पॅनल म्हणजे कोण कुणाचा कार्यकर्ता, असा सगळीकडचा समज आहे, आणि तो उगाच झालेला नाही. २०१६ मध्ये पंजाबच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की या नेमणुका मनमानीनं करता येणार नाहीत, किती वकील लागतात ते बघा, गुणवत्ता बघा, निवड पारदर्शक ठेवा. तो निकाल वाचा, आणि पुढच्या वेळी पॅनलची यादी लागली की नावं कशावरून निवडली हे माहिती अधिकारात विचारा, अर्जाला १० रुपये लागतात. नमस्कार.