जेसीबीशेजारी उभा माणूस

(दृश्य: सिंदखेड राजा, समाधीचं आवार)

सिंदखेड राजा, जिल्हा बुलढाणा. जिजाऊंचं माहेर. त्यांचे वडील लखुजीराव जाधव १६२९ साली निजामशाहीत देवगिरीवर दग्यानं मारले गेले. ही त्यांची समाधी. २०२४ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची माणसं इथं होती ती डागडुजीसाठी. उत्खननाचा बेत नव्हताच. काम चालू असताना जमिनीत काही दगड दिसले.

दगड बाजूला सारून पुढं जाता आलं असतं. घाईतल्या कंत्राटात बहुधा तेच होतं. इथं मात्र बघणाऱ्यांना दगड ओळखता येत होते, म्हणून खणायचं ठरलं. आधी मंदिराचा पाया लागला, मग सभामंडप. सुमारे सव्वादोन मीटरवर लक्ष्मीची मूर्ती दिसली. आणखी माती निघाली तेव्हा कळलं, ती एकटी नाही. शेषशायी विष्णूचे पाय चेपत बसली आहे.

शिल्प पावणेदोन मीटरच्या आसपास लांब, मीटरभर उंच. समुद्रमंथनाचा देखावा, त्यात अश्व आणि ऐरावतही. दगड क्लोराइट शिस्ट, मऊ, नाजूक कोरीवकामाला सोयीचा. दक्षिणेत तो वापरला जाई. मराठवाड्यात सापडलेली अशी शिल्पं बेसाल्टची. मग हा दगड इथं कसा आला? हा प्रश्न विचारता येतो, कारण मूर्ती आपल्या मंदिरासकट सापडली.

(दृश्य: प्रवरेचा काठ)

श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला ही सोय राहिली नाही. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल झाडाची मुळं खणत होते. हाताला लागली चार काशाची शिल्पं: हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलजोडीचा रथ, त्यात उभा माणूस. जगभर नाव झालं. पण ती कोणत्या थरात होती, शेजारी कोणती खापरं होती, याची नोंद होण्याआधीच माती हलली होती. पुढं १९७५ ते १९७९ पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी तिथं मोठं उत्खनन केलं. तरी शिल्पांच्या काळाबद्दल अभ्यासकांचा वाद उरलाच. दोष छबूंचा नव्हे. मुळं काढणारा माणूस थर कशाला बघेल?

थर बघायला माणूस लागतो, आणि तो खोदाई चालू असतानाच लागतो. काम तसं कंटाळवाणं. जेसीबीला दातांऐवजी सपाट धारेची बकेट लावायची, माती पातळ पातळ काढायची, रंग बदलला की हात वर करून मशीन थांबवायचं. राखेचा काळा पट्टा, विटांची ओळ, चुन्याचा डाग. मोजपट्टी ठेवून फोटो, खोली, दिशा, पिशवीवर चिठ्ठी. दिवसभरात बहुतेक वेळा काहीच निघत नाही. तेही लिहून ठेवायचं. ड्रायव्हर वैतागतो, आणि त्याचंही चुकत नाही. भाडं तासावर असतं.

(दृश्य: गावाबाहेरची पांढरी, ट्रॅक्टर-ट्रॉली)

कायदा आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई, पुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. १८७८चा निखात निधीचा कायदा सांगतो, जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवा. दहा रुपये! अंतराचा कायदा जिथं लागतो, तिथं निदान पाटी तरी लावलेली असते. पण आपल्या गावाबाहेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाला कुणाचंच संरक्षण नसतं. हजार-दोन हजार वर्षांची राख, शेण, पडक्या भिंती मुरून तयार झालेली ती माती खत म्हणून शेतात जाते. खापरं, मणी, नाणी सगळं ट्रॉलीतून.

गावातली खोदाई, मग पाण्याची टाकी असो, गटार असो की सभागृह, ग्रामपंचायतीला माहीत असतेच. पांढरीत बकेट घालायच्या आधी तहसीलला आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला पत्र द्यावं, आणि बकेट चालेल तितके दिवस मोबाइल, मोजपट्टी नि वही घेऊन गावचं कुणीतरी शेजारी उभं राहावं. इतिहासाचे शिक्षक असतील तर उत्तम. सापडलेलं खापर धुवायचं नाही, वस्तू उचलून देवळात नेऊन ठेवायची नाही, आणि अधिकारी येईपर्यंत खड्डा बुजवायचा नाही.