शंभर लिटर गोडं पाणी

(पडद्यावर: पहाट. भरतीचं पाणी मातीच्या बांधाला टेकलेलं. बांधावर एक बगळा. अलीकडे उभी पांढरी कॅराव्हॅन.)

आमच्या कॅराव्हॅनमध्ये दोघांची झोपायची सोय, एक शेगडी आणि बाकाखाली शंभर लिटरची पाण्याची टाकी. जपून वापरलं तर हे पाणी दीड दिवस पुरतं. म्हणजे अलिबागहून वेंगुर्ल्याला जाताना जवळजवळ रोज कुणाच्या तरी दारात उभं राहून पाणी मागायचं. कोकणचा किनारा आम्ही असा पाहिला, विहिरी-विहिरीने.

पहिला मुक्काम अलिबागजवळच्या खारेपाटात. या बांधाच्या पलीकडे खाडी, अलीकडे भातशेती. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी शेतापेक्षा उंच चढतं, आणि मध्ये असतो फक्त हा मातीचा बांध. त्यात ठेवलेल्या उघाड्यांची, म्हणजे पाणी सोडायच्या मोऱ्यांची, दारं ओहोटीला पाणी बाहेर सोडतात आणि भरतीला पाण्याच्याच दाबाने मिटतात. खेकड्याचं एक बीळ वेळेवर बुजवलं नाही, तर त्यातून पाणी झिरपत झिरपत बांधाला खांड जाते. मग शेतात शिरलेलं मीठ धुऊन निघायला पावसाळ्यामागून पावसाळे जातात.

ही जमीन कुळांनी चिखल वाहून खाडीकडून मिळवली, आणि पिकातला मोठा वाटा मात्र खोताच्या कोठारात जायचा. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी इथल्याच चरी गावात, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली, शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसायचीच नाही असं ठरवलं. तो संप १९३९ पर्यंत चालला. लाकूडफाटा विकून माणसांनी दिवस काढले, पण शब्द मोडला नाही. बांधावर उभं राहिलं की त्या निश्चयाचं वजन कळतं, कारण पायाखालची प्रत्येक पाटी माती कुणीतरी डोक्यावरून आणलेली आहे.

खारेपाटात आमची टाकी भरली नाही. इथल्या माणसांनाच प्यायच्या पाण्याची ओढाताण, तिथे आम्ही कुठल्या तोंडाने मागणार?

(पडद्यावर: नागावची वाडी. सुपारीच्या खोडांमधून तिरपं ऊन.)

टाकी भरली नागावला, अष्टागरात, म्हणजे अलिबागच्या किनाऱ्यावरच्या माड-पोफळीच्या वाड्यांच्या पट्ट्यात. समुद्र इतका जवळ की विहिरीच्या काठावर उभं राहून लाटा ऐकू येतात, आणि पाणी मात्र शहाळ्यासारखं. पावसाचं पाणी पुळणीतून खाली मुरतं. ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून वाळूच्या आत त्याच्यावर तरंगत राहतं. ही गोड्या पाण्याची साय आहे. माड, पोफळी, केळी, मिरवेल, सगळं आगर या सायीवर उभं आहे. पूर्वी रहाट होते. बैल सावकाश फिरायचा, गाडगी भरून वर यायची, पाटाचं पाणी आळ्याआळ्यात जायचं, आणि तेवढ्या वेळात विहिरीला झरे पुन्हा भरून काढायचे. आता बटण दाबलं की पंप ओढतो. फार ओढलं तर साय संपते आणि खालचं खारं पाणी वर येतं. वाडीचे मालक म्हणाले, "मी पंप दोन तासांवर चालवत नाही. विहिरीला दम घेऊ द्यावा लागतो."

पुढे आगरदांड्याला फेरीबोटीत गाडी चढवली आणि दिघीला उतरलो. दक्षिणेकडे जाताना अशा चार फेऱ्या लागतात: इथली, बागमांडल्याहून वेसवीची, दाभोळहून धोपाव्याची आणि तवसाळहून जयगडची. गाडीचं इंजिन बंद, दार उघडं, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाडी सरकताना दिसते. या प्रवासात मला सगळ्यात आवडलेली ही घटका.

दिवेआगरला आम्ही तीन दिवस राहिलो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच भागात किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ उंच, सडपातळ, मुळं वरवरची. आजूबाजूची झाडं एकमेकींना वाऱ्यापासून आडोसा देतात. तो आडोसा मोडला की मागची रांगही टिकत नाही. नवी पोफळ लावली की पीक धरायला सहा-सात वर्षं जातात. आम्ही ज्यांच्या अंगणात गाडी लावली होती, त्या आजींच्या वाडीत जुनी झाडं थोडी आणि डोक्याच्या उंचीची नवी रोपं फार. पाणी मागितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "घ्या हो बाळांनो. वादळानंतर कितीतरी दिवस वीज नव्हती, तेव्हा याच विहिरीवर अख्खी आळी यायची. पाण्याला नाही म्हणू नये."

वेळासला पहाटे साडेपाचला किनाऱ्यावर गेलो. सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने आणि गावाने इथे २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपली आहेत. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात. ती कुंपणाच्या आत हलवतात आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. त्या सकाळी अकरा आली. ती समुद्राकडे चालली होती आणि माणसं श्वास रोखून गप्प उभी होती. तिथे मी निवेदन करणार नाही.

(पडद्यावर: पिल्लं, वाळू, लाट. फक्त समुद्राचा आवाज.)

गुहागर. वाटेत शिमग्याची पालखी आली, गाडी बाजूला घेतली, ढोल पुढे जाईपर्यंत थांबलो. मग जयगड, आणि रत्नागिरीकडे जाणारा उघडा सडा, म्हणजे खडकाळ पठार. काळाकभिन्न जांभा दगड, उन्हात तापलेला. कोकणात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात वाड्यांवर टँकर येतो. त्याचं एक उत्तर या सड्यात आहे. जांभा चाळणीसारखा. पाऊस त्यातून खाली उतरतो आणि उताराला झरे होऊन निघून जातो.

रत्नागिरीला भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रात 'लाखी बाग' पाहिली. माडाच्या सावलीत दालचिनी, जायफळ, मिरी, एकाच जमिनीत तीन मजले. वरच्या झाडाची सावली खालच्या ओलीला धरून ठेवते. बागायतदाराच्या हिशेबात ही बाग पैशांची; आमच्या हिशेबात ती पाण्याची.

आचरा मागे टाकून मालवणहून आत वळलो ते धामापूरसाठी. दोन डोंगरांच्या मध्ये मातीचा बांध घालून हे तळं १५३० मध्ये बांधलं. काठावर भगवतीचं देऊळ आणि पायऱ्या पाण्यात उतरलेल्या. २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळांमध्ये त्याची नोंद झाली. खारेपाटातला बांध खाऱ्या पाण्याला बाहेर ठेवतो, हा गोड्या पाण्याला आत ठेवतो. माती तीच, फावडं तेच. चारशे नव्वदहून जास्त पावसाळे हा बांध उभा आहे. त्या पायरीवर मी बराच वेळ बसून होते.

(पडद्यावर: वेंगुर्ला, मांडवी खाडी. होडी. वल्ह्याचा आवाज.)

शेवटची होडी वेंगुर्ल्याची. मांडवी खाडीतली ही कांदळवन सफर गावातल्या बायका चालवतात. वल्हं त्यांच्या हातात, झाडांची नावं त्यांच्या तोंडी. हा कांदळ, मुळांच्या कमानींवर उभा. ही चिपी. हे तिवर, चिखलातून श्वासमुळं वर काढणारं. वल्हं मारणाऱ्या ताईंनी तिवराचं एक पान तोडलं आणि माझ्या हातात दिलं.

"चाटून बघा."

खारट. तिवर खारं पाणी पितं आणि पानांवाटे मीठ बाहेर टाकतं. दुपारच्या उन्हात पानावर त्याचे बारीक कण चमकत होते.

काठावर उतरल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या गाडयेत पाणी किती मावता?"

"शंभर लिटर."

त्या घराकडे गेल्या आणि कळशी घेऊन आल्या. "बावडेचा हाडलंय," म्हणाल्या. "आधी चाखून बघा. ह्या गोडा आसा."