खडकाच्या चौकटीतून खानदेश

नेढे, म्हणजे डोंगराच्या खडकाला पडलेले आरपार भोक, म्हटले की बहुतेक भटक्यांना राजगडाची सुवेळा माची किंवा रतनगडाचा माथा आठवतो. खानदेशात खडकाची खिडकी पाहायची असेल तर धुळे, साक्री आणि नंदुरबारकडच्या दगडी धारांवर यावे. इथली काळी धार शेते, माळ आणि ओढे ओलांडत एका रेषेत दूरवर गेली आहे. भूगर्भशास्त्रज्ञ तिला डाइक म्हणतात.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे थरावर थर साचत होते. त्या काळात जमिनीला पडलेल्या उभ्या भेगांत लाव्हा शिरला आणि तिथेच थिजला. पुढे आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि भेगेतला टणक खडक जागोजागी भिंतीसारखा उघडा पडला. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नंदुरबार-धुळे पट्ट्यातल्या अशा 210 डाइकांची नोंद आहे. त्यांतला सर्वांत लांब 79 किलोमीटरचा असून त्यांची जाडी 3 ते 62 मीटर आहे.

आता कॅमेरा भिंतीच्या अगदी जवळ नेऊ. लाव्हा थंड होताना दोन्ही बाजूंनी आत आकसत गेला, त्यामुळे खडकाला आडव्या, कोनदार खांबांचे रूप आले आणि अंगणात रचून ठेवलेल्या जळतणासारखी त्यांची टोके बाहेर आली. खांबांमधल्या सांध्यांत पाणी मुरते, मुळे शिरतात आणि एकेक चिरा सुटून खाली येतो. जिथे अशी झीज अधिक झाली किंवा ओढ्याने भिंत कापली, तिथे खिंड पडते. वरून उघडी आणि दोन्ही बाजूंनी काळ्या दगडाने बांधल्यासारखी ही खिंडच आपली चौकट होय.

अशा चौकटीतून छायाचित्र घेताना बहुतेकांचे सगळे लक्ष पलीकडच्या दृश्याकडे असते आणि खडक केवळ काळी किनार म्हणून उरतो. आमच्या मते चित्राचा खरा विषय खडकच आहे. त्याची जाडी, त्याचे सांधे, त्यावरचे शेवाळाचे सुकलेले डाग दिसले नाहीत, तर ते दृश्य मोकळ्या माळावरून टिपल्यासारखेच होईल. म्हणून खिंडीच्या तोंडाशी न जाता काही पावले मागे राहावे आणि चित्राची निम्मी जागा खडकाला द्यावी. झूम फिरवण्याआधी स्वतः पुढे-मागे आणि खाली-वर होऊन पाहावे, कारण चौकटीत काय राहील आणि काय झाकले जाईल हे उभे राहण्याच्या जागेवरच ठरते.

प्रकाशाचे गणित मात्र थोडे वेळ घेऊन समजून घेण्यासारखे आहे. हे डाइक साधारणपणे पूर्वेकडून पश्चिमेकडे धावतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे भिंतीची दक्षिण बाजू दिवसभर उन्हात असते आणि उत्तर बाजू सावलीत. दक्षिणेला उभे राहून खिंडीतून उत्तरेकडे पाहिले, तर खडक आणि पलीकडचे शिवार दोन्ही उजळलेले मिळतात. उत्तरेकडून पाहिले तर खडक काळवंडतो आणि त्यातून फक्त बाह्यरेखा हाती लागते. डिसेंबरच्या संध्याकाळी सूर्य भिंतीच्या रेषेच्या थोडा दक्षिणेला मावळतो. तेव्हा तिरपे ऊन दगडावरून घासत जाते आणि प्रत्येक सांधा उठून दिसतो.

खडक आणि आकाश यांच्या उजेडात फरक फार असेल, तर कॅमेरा तिवईवर ठेवून कमी, मध्यम आणि जास्त प्रकाशमानाची तीन छायाचित्रे घ्यावीत आणि ती नंतर एकत्र करावीत. मोबाईलवर काम करायचे असेल, तर पडद्यावर उजळ भागाला स्पर्श करून प्रकाश थोडा उतरवावा. सावलीतला खडक नंतर बराचसा उजळता येतो, पण पांढरे पडलेले आकाश परत मिळत नाही. जवळचा दगड आणि दूरचे डोंगर दोन्ही स्पष्ट हवे असतील तर छिद्रमान (अ‍ॅपर्चर) एफ 11 च्या आसपास ठेवावे. पावसाळा सरल्यानंतरचे दिवस सर्वांत चांगले, कारण हवा धुतलेली असते. एप्रिल-मेमध्ये धुरळ्याने दूरचे काही दिसत नाही आणि उन्हाने दगडाला हात लावता येत नाही.

ठेलारी मेंढपाळांचा कळप खिंडीतून जाताना दिसला, तर खडकाच्या उंचीचे माप आपोआप मिळते. मात्र आधी “दादा, फोटो काढू का?” असे विचारावे, आणि मेंढरे बुजू नयेत म्हणून बाजूला थांबावे. कपारीत आग्या मोहोळ लोंबताना दिसले तर त्या जागेचा नाद सोडावा. धूर, अत्तर आणि मोठा आवाज यांनी माश्या उठतात, आणि अरुंद खिंडीत पळायला जागा नसते.

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या बाजूला चौकटीत पवनचक्क्या येतात. अनेक छायाचित्रकार त्या टाळण्यासाठी जागा बदलतात. आमच्या चित्रांत आम्ही त्या राहू दिल्या आहेत, कारण आजचे क्षितिज तसेच आहे आणि लाव्हाच्या भिंतीमागे फिरणारी ती पाती इथल्या माळावर किती वारा आहे हेही दाखवतात.