जन्मानंतर मिटायला हवी होती ती नळी

आजच्या व्याख्यानाचा विषय ‘हृदयाच्या रक्तवाहिन्यांमधील अनैसर्गिक जोडण्या’ असा जाहीर झाला आहे. अशा जोडण्या अनेक प्रकारच्या असतात. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी थेट हृदयाच्या कप्प्यात उघडते, तो फिस्टुलाही त्यांतलाच. मी मात्र एकाच जोडणीविषयी बोलणार आहे, कारण ती जन्मापूर्वी अनैसर्गिक नसतेच.

गर्भाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात आणि प्राणवायू वारेतून मिळतो. त्यामुळे फुप्फुस धमनीत आलेले बहुतेक रक्त फुप्फुसांकडे न जाता डक्टस नावाच्या आखूड नळीतून महारोहिणीत, म्हणजे शरीराला रक्त नेणाऱ्या मुख्य धमनीत, वळते. जन्मानंतर बाळाने श्वास घेतला, की रक्तातला प्राणवायू वाढतो, वारेकडून येणारे प्रोस्टाग्लँडिन हे नळी उघडी ठेवणारे द्रव्य थांबते आणि नळीच्या भिंतीतले स्नायू आकसू लागतात. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात ही वाट साधारणतः २ ते ३ दिवसांत बंद होते, आणि पुढच्या काही आठवड्यांत नळीच्या जागी नुसता तंतुमय दोर उरतो.

ती उघडी राहिली, तर तिला आम्ही ‘पीडीए’ (पेटंट डक्टस आर्टेरिओसस, म्हणजे उघडा राहिलेला डक्टस) म्हणतो. आता महारोहिणीतला दाब फुप्फुस धमनीतल्या दाबापेक्षा बराच जास्त असल्याने प्रवाहाची दिशा उलटते आणि शुद्ध झालेले रक्त पुन्हा फुप्फुसांत शिरते. तेथून ते डाव्या कप्प्यांत परतते, म्हणून ताण डाव्या बाजूवर येतो आणि तीच बाजू फुगते. परीक्षेत विद्यार्थी हमखास ‘उजवी’ असे लिहितात. रक्ताचा मार्ग बोटाने गिरवून पाहिला असता, तर ही चूक झाली नसती.

जोडणी मोठी असेल, तर बाळ दूध पिताना मध्येच थांबते, धापा टाकते, कपाळावर घाम येतो आणि वजन वाढत नाही. नाडी इतकी जोरदार लागते, की बाळाच्या तळहातावरही ती जाणवते. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली स्टेथोस्कोप ठेवला, की यंत्राच्या घरघरीसारखा आवाज येतो. तो हृदयाच्या दोन ठोक्यांमध्येही थांबत नाही, कारण महारोहिणीतला दाब आकुंचन आणि प्रसरण या दोन्ही वेळी वरचढ असतो. एडिंबरोचे डॉक्टर जॉर्ज गिब्सन यांनी १९०० साली त्याचे नेमके वर्णन केले. आज निदान पक्के होते ते एकोने, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीने: नळीची रुंदी, प्रवाहाची दिशा आणि डाव्या कप्प्यांचा आकार हे तिन्ही त्यात दिसते.

यांपैकी कप्प्यांचा आकार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एकोत केसासारखी बारीक जोडणी सापडते, स्टेथोस्कोपला काहीच ऐकू येत नाही, कप्पे नेहमीच्या आकाराचे असतात. तरी अहवालातला ‘पीडीए’ हा शब्द वाचून पालकांची झोप उडते. अशी नळी बहुधा तशीच सोडता येते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांत इंडोमेथासिन, आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊन प्रोस्टाग्लँडिन कमी करता येते, आणि त्यांच्यातल्या अनेक नळ्या आपोआपही मिटतात. पूर्ण दिवसांच्या बाळात मात्र या औषधांचा सहसा उपयोग होत नाही. उलट, हृदयाच्या काही जन्मजात दोषांत हीच नळी बाळाचा एकमेव आधार असते. तेथे प्रोस्टाग्लँडिन शिरेतून थेंबाथेंबाने देऊन ती मुद्दाम उघडी ठेवावी लागते.

१९३८ साली बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी ७ वर्षांच्या मुलीची छाती उघडून ही नळी बांधली. आता बहुतेक मुलांमध्ये जांघेतल्या शिरेतून बारीक कॅथेटर उजव्या हृदयात, तेथून फुप्फुस धमनीत आणि नळीतून पलीकडे महारोहिणीत नेतात. निकेल-टायटॅनियमच्या तारांचे जाळीदार बूच त्यात घडी घालून बसवलेले असते. त्याची चकती महारोहिणीत उघडते. मग सगळे हलकेच मागे ओढले, की चकती नळीच्या तोंडाशी अडते आणि उरलेले बूच आपला मूळ आकार घेत नळीत घट्ट बसते. बूच ज्या तारेला जोडलेले असते, ती सोडण्याआधी रंगद्रव्य टाकून पाहतात. बूच सरकलेले दिसले, तर ते परत आत ओढून घेता येते.

परंतु मोठी नळी वर्षानुवर्षे तशीच राहिली, तर फुप्फुसांतल्या धमन्या जाड होतात, तेथला दाब महारोहिणीच्या दाबाला गाठतो आणि प्रवाह पुन्हा उलटतो. नळी महारोहिणीला हाताच्या धमन्या फुटल्यानंतर मिळत असल्याने अशुद्ध रक्त खालच्या अंगात जाते. ऑक्सिमीटर उजव्या हाताच्या बोटावर ९६ दाखवतो आणि पायाच्या बोटावर ८४. हाताची नखे गुलाबी, पायाची निळसर. अशा रुग्णाची नळी बंद करणे धोक्याचे असते, कारण उजव्या हृदयाला दाब सोडायची तेवढीच वाट उरलेली असते. स्थिती सीमेवरची असेल, तर कॅथेटरवरचा फुगा नळीत काही मिनिटे फुगवून दाब मोजतात: फुप्फुसांतला दाब नीट उतरला, तर बूच बसवायचे, उतरला नाही, तर फुगा काढून घ्यायचा आणि फुप्फुसांतला दाब कमी करणारी औषधे सुरू करायची.